वगळलेली जोडी

एका मोठ्या संशोधन संस्थेने शिरपूर तालुक्यातल्या आधार पाटील याला फसवलं. त्याचं रक्त घेतलं आणि त्या रक्तात काय सापडलं ते त्याला सांगितलं नाही. हा सौदा माझ्या टेबलावर ठरला होता, म्हणजे मलाही फसवलं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘कामातले मजेशीर अनुभव’ मागितले होते. एक-दोन देते, पण लिहायला बसले ती वरच्या कारणासाठी. आधारचं आणि त्याच्या भावाचं नाव बदललं आहे, आणि आधारने होकार दिल्यावरच लिहिते आहे. संस्थेचं नाव मात्र संपादकांनी गाळायला लावलं. मी भांडले, हरले. मला हरायची सवय नाही.

माझी जळगावला मेहरूणच्या बाजूला लहानशी प्रयोगशाळा आहे. मी डॉक्टर नाही. धुळ्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचपट्ट्या धुण्यापासून सुरुवात केली, तिथेच राबता राबता डिप्लोमा केला आणि पुढे स्वतःचं काम उभं केलं. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांतली हॉस्पिटलं माझ्याकडे शरीरातून काढलेले तुकडे पाठवतात. कोणाची गाठ, कोणाच्या जिभेचा कोपरा, कोणाच्या गालाच्या आतली कातडी. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये असावा लागतो, नाहीतर सडतो. आम्ही त्यातलं पाणी काढून त्या जागी मेण भरतो आणि मेणाची वडी पाडतो. त्या वडीचा केसाहून पातळ काप काढायचा आणि कोमट पाण्यावर सोडायचा. तो सुरकुत्या सोडून पसरतो, मग खालून काच घालून अलगद उचलायचा. त्यानंतर रंग द्यायचा. पुढे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कॅन्सर आहे की नाही ते लिहितात. सही त्यांची, वडी आमची. माणूस जातो, वडी राहते. माझ्या कपाटांत किती माणसं अशी राहिली आहेत, त्याचा विचार मी करत नाही. केला तर काम होणार नाही.

मी तोंडाने फटकळ आहे हे सगळ्या खानदेशाला माहीत आहे. एक सर्जन तुकडे नेहमी मिठाच्या पाण्यात पाठवायचे. मी फोन करून म्हटलं, “डॉक्टर, हे लोणचं घालायला पाठवलंय का? लोणच्यालाही मीठ जास्त लागतं.” त्यांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं, पण फॉर्मॅलिन वापरायला लागले. एक दालमिलवाले शेठ वडिलांचा रिपोर्ट घ्यायला आले आणि खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, “अक्का, शेवटचं बोला. कॅन्सर नको. त्याच्या एक नंबर अलीकडचं काय होईल?” मी म्हटलं, “भाऊ, हा हरभरा नाही प्रतवारी खाली-वर करायला.” ते उठले नाहीत. बसून राहिले आणि मग रडायला लागले. त्यांना दुसरं काही करताच येत नव्हतं. आयुष्यभर जे जमलं तेच करून बघत होते.

ते मला कळलं, कारण मीही सौद्याच्या घरातली. माझे वडील बैलबाजारात दलाल होते. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातावर उपरणं टाकायचं आणि त्याखाली बोटं दाबून आकडा सांगायचा. आजूबाजूला माणसं उभी असतात, कोणाला काही कळत नाही. पण एकदा बोटं दाबून हो झालं की झालं. कागद नाही, साक्षीदार नाही. शब्द फिरवला तर पुढच्या बाजारी त्याच्यासमोर कोणी हात धरत नाही. मी लहानपणी वडिलांसोबत जायची. माझं सगळं व्यवहारज्ञान त्या उपरण्याखालचं आहे. आणि तेच मला नडलं.

संस्थेचे मोठे शास्त्रज्ञ, त्यांना मी ‘सर’च म्हणते, माझ्याकडे आले ते तोंडाच्या कॅन्सरच्या वड्यांसाठी. आमच्याकडे तंबाखू आणि मिशरी, त्यामुळे हा माल, माफ करा, पण धंद्यात मी असंच बोलते, हा माल आमच्याकडे भरपूर. सरांनी मला त्यांचं काम समजावलं. मी त्यांना तीन वेळा थांबवून परत सांगायला लावलं, त्यामुळे आता मी कोणालाही सांगू शकते.

कॅन्सरच्या पेशीत काही प्रथिनं वाजवीपेक्षा फार जास्त तयार होतात. सरांचं लक्ष होतं ते पेशीच्या अंगावर बसणाऱ्या एका प्रथिनावर. ते बाहेरून ‘वाढ’ असा निरोप घेऊन आत पोचवतं. ते जास्त झालं की पेशीला सारखं ‘वाढ, वाढ’ ऐकू येतं. आता हे प्रथिन किती व्हावं हे कोण ठरवतं? पेशीत जनुकं हजारो. म्हणून ते लोक प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी घेतात आणि प्रत्येक बशीत एकेक जनुक बंद करून ते प्रथिन घटतं की वाढतं ते बघतात.

“म्हणजे आमचा वायरमन करतो तसं,” मी म्हटलं. “डीपीवरचा एकेक फ्यूज काढायचा आणि कोणाच्या मळ्यातला दिवा गेला ते बघायचं.”

“अगदी तसंच,” सर खूश झाले. “पण आम्हाला गंमत वाटते ती उलट्या दिव्यांची. काही फ्यूज काढले की दिवा विझत नाही, जास्तच पेटतो. ते जनुक म्हणजे ब्रेक होता. तो काढला आणि प्रथिन सुटलं.”

असे ब्रेक त्यांना सापडले होते. आता खऱ्या रोग्यांमध्ये ते तुटलेले असतात का हे बघायचं होतं. त्यासाठी प्रत्येक रोग्याची जोडी हवी होती: माझ्याकडची गाठीची वडी आणि त्याच माणसाचं रक्त. रक्त कशाला? तर बिघाड फक्त गाठीत असेल तर तो नंतर झालेला. रक्तातही असेल तर तो जन्मापासूनचा, आईबापांकडून आलेला. म्हणजे घरात आणखी कोणाला असू शकतो.

इथे मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, “सर, मांसाचा मी पैसा घेत नाही, तो कायद्यानेही घेता येत नाही. पण फुकट काही देत नाही. माझी अट एक. रक्तात असं काही निघालं की जे जिवंत माणसाच्या कामाचं आहे, तर ते तुम्ही येऊन सांगायचं. त्यांच्या गावात, त्यांच्या भाषेत. भाषेला मी सोबत येईन.”

सर म्हणाले, “अक्का, त्यासाठीच तर हे सगळं करतोय. शब्द दिला.”

त्यांच्या छापील संमतीपत्रात इंग्रजीत लिहिलं होतं की निष्कर्ष व्यक्तीला कळवले जाणार नाहीत. मी ती ओळ बोटाने दाखवली. सर हसले. “ते छापील असतं हो. सगळीकडे तसंच.” मी बाजारातल्या बापाची मुलगी. समोरासमोर दिलेल्या शब्दापुढे छापील ओळीची काय किंमत, असं मला वाटलं. शहरातल्या कोणत्याही शहाण्या माणसाने उलट विचार केला असता.

त्या जोड्यांमध्ये हिलाल पाटील होता. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, शेती पावसावरची. जिभेचा कॅन्सर, वय तिशीतलं, आणि तंबाखू, मिशरी, विडी काहीच नाही. मला तो लक्षात राहिला तो त्यामुळेच. त्याच्या वडीचा काप रंगवला तेव्हा ते प्रथिन दाखवणारा तपकिरी रंग इतका गडद आला की मला वाटलं रंगात गडबड झाली. परत रंगवला. परत तसाच. धुळ्याच्या हॉस्पिटलात त्याच्या सोबतीला मोठा भाऊ आधार असायचा. शिरपूरला काळीपिवळी जीप चालवायचा. हॉस्पिटलच्या व्हरांड्यातही तो बोलायला लागला की दुसऱ्या टोकाची माणसं वळून बघायची. जीप भरताना ओरडून ओरडून त्याचा आवाज तसा झाला होता.

हिलाल वाचला नाही. ऑपरेशन झालं, पण गाठ परत आली. आधार मला भेटायला जळगावला आला आणि केळ्यांचा एक घड ठेवून गेला. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नाही.

सरांकडून काही कळलं नाही. मी दोनदा विचारलं. “विश्लेषण चालू आहे,” असं उत्तर आलं. मी मनात म्हटलं, काही निघालं नसेल.

दोन वर्षांनी संस्थेतल्या एक तरुण शास्त्रज्ञ, डॉ. मृण्मयी, नव्या वड्या मागायला आल्या. मुलगी हुशार, पण सौद्यात कच्ची. मी म्हटलं, “आधीच्याचं काय झालं ते सांगा, मग पुढचं.” त्यांनी तेच केलं जे कच्चं गिऱ्हाईक करतं. मालाला नावं ठेवायला सुरुवात केली.

“खरं सांगू का अक्का, तुमच्याकडची एक जोडी वायाच गेली. रक्त आणि गाठ एका माणसाची नव्हती. आम्हाला वगळावी लागली.”

“एका माणसाची नाही हे कसं कळलं?”

“ते कळतंच. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात. इथे निम्म्याच जुळत होत्या.”

“निम्म्या म्हणजे?”

“म्हणजे सख्खं भावंड. पुरुषाचं रक्त होतं, तेव्हा भाऊच.”

“रक्त खराब झालं होतं का?”

“नाही नाही, उलट ते फार...” आणि त्या थांबल्या.

बैलाला नावं ठेवता ठेवता गिऱ्हाइकाचा हात मध्येच त्याच्या पाठीवरून फिरतो, तो क्षण मला ओळखता येतो. मी म्हटलं, “फार काय, मॅडम?”

त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग हळू सांगितलं. गाठीत जो ब्रेक तुटलेला होता, तोच, त्याच जागी, भावाच्या रक्तातही तुटलेला होता. म्हणजे तो आईबापांकडून आलेला. मी त्यांना परत सांगायला सांगितलं. त्यांनी परत सांगितलं. शेजारच्या खोलीत काप काढायचं यंत्र, मायक्रोटोम, चालू होता, त्याची खटखट मला ऐकू येत होती आणि त्यांचं बोलणं येत नव्हतं. म्हणून तिसऱ्यांदा विचारलं.

“हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्याच वर्षी कळलं.”

“आणि वगळलं.”

“जोडी जुळत नव्हती ना, अक्का. हिशेबात धरताच येत नाही.”

नमुन्याचा क्रमांक त्यांनी सांगितला. तो हिलालचा. मी त्यांच्यासमोरच आधारला फोन लावला. विचारलं, धुळ्याला संस्थेचा माणूस रक्त न्यायला आला होता तेव्हा काय झालं?

“हा आक्का, ते मीच दिधं,” आधार म्हणाला. “हिलालना आंगमा रगतच कुठे व्हतं? तो झोपेल व्हता. त्या मानूसनी नाव इचारं, मी हात पुढे करा. बोलनू, मनं ल्या.” म्हणजे, माझं घ्या.

त्याच्या दृष्टीने यात चुकीचं काहीच नव्हतं. आपल्याकडे ऑपरेशन म्हटलं की नातेवाइकाने बदली रक्त द्यायचं असतं. हॉस्पिटल तेच शिकवतं. रोग्यासाठी रक्त मागितलं की घरचा धडधाकट माणूस बाही वर करतो. रोग्याचंच रक्त हवं असेल, आणि तेही चढवायला नव्हे तर वाचायला, हे त्याला कोणी सांगितलं होतं? संस्थेच्या माणसाने पलंगावरचा माणूस कोण आणि हात कोणाचा, हे बघितलं नाही.

पण हे सगळं मी नंतर जुळवलं. फोनवर मला दुसरंच काही ऐकू येत होतं. आधारचा तो आवाज मोकळा नव्हता. शब्द तोंडात अडकत होते.

“आधार, तोंडात काय आहे तुझ्या?”

“काही नही आक्का. दाढ लागस जिभले. फोड शे बारीक.”

“कधीपासून?”

“केळीना हंगामपासून.”

“उद्या सकाळी जळगाव. जीप बंद ठेव.”

“उद्या लगनसराईनं भाडं शे...”

“आधार, मी उद्या सकाळी म्हटलं.”

तो आला. मी डॉक्टर नाही, पण खिडकीपाशी उभं करून टॉर्च लावला आणि त्याने जीभ बाहेर काढली. कडेला खालच्या बाजूला ती जखम होती, काठ उचललेला. असे काठ मी आयुष्यभर मेणात बसवले आहेत. मृण्मयी मॅडम तेव्हा जळगावातच होत्या, त्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी कॅन्सरच्या पेशींवर इतकं काम केलं, पण कॅन्सर असलेलं तोंड त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्या बाहेर जाऊन पायरीवर बसल्या.

आधारने मला विचारलं, “ह्या बाई कोन शेतस?”

मी म्हटलं, “ज्यांच्याकडे तुझं रक्त आहे, त्यांच्याकडच्या.”

“मंग सांगतीस का त्या, माले काय व्हयनं?”

त्याचा तुकडा माझ्याकडेच आला. काप मीच काढला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. डॉक्टरांनी लिहिलं, कॅन्सर. ऑपरेशनात निम्म्याहून जास्त जीभ गेली. डॉक्टरांनी सांगितलं, हाच फोड सुरुवातीला दिसला असता तर कडेचा छोटा तुकडा काढून भागलं असतं. आता आधारचं बोलणं फक्त त्याच्या बायकोला कळतं, तिलाही सगळं नाही. जीप तो चालवू शकतो, पण प्रवासी कोण बोलावणार? विकली.

मी सरांना फोन केला. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते, म्हणजे अन्याय होणार नाही. ते म्हणाले, “अक्का, संशोधनातला निष्कर्ष हा वैद्यकीय रिपोर्ट नसतो. तो ब्रेक तुटला की कॅन्सर होणारच असं कोणी सांगू शकत नाही. अर्धवट गोष्ट सांगून माणसाला आयुष्यभर घाबरवून ठेवायचं का?”

यात तथ्य आहे, हे मी मान्य करते. त्या बिघाडामुळेच आधारला कॅन्सर झाला असं मीही शपथेवर सांगणार नाही. पण ‘सहा महिन्यांनी एकदा तोंड दाखवून घे आणि फोड आला तर दाढेवर ढकलू नकोस’, एवढं सांगायला कसली खात्री लागते?

मग सरांनी दुसरं कारण दिलं. “नियम असा आहे की संमती दिलेल्यालाच संपर्क करता येतो. फॉर्मवर सही हिलालची. तो वारला. रक्त दुसऱ्याचं निघालं, पण त्याची संमतीच नव्हती. त्याला आम्ही कोणत्या अधिकाराने गाठणार?”

ज्याने सही केली तो मेला. जो जिवंत होता त्याने सही केली नव्हती. म्हणून कोणालाच सांगायचं नाही. इतकं चोख गणित मी बैलबाजारातही बघितलं नाही.

“सर, मला फोन करायला कोणाची संमती लागत होती? मी तुमचा नमुना नाही, मी अक्का आहे. तुम्ही मला शब्द दिला होता.”

“तुम्ही भावनेच्या भरात बोलताय.”

“मी सौद्याचं बोलतेय.”

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर कार्यालयातून कोणीतरी बोलतं, सर बोलत नाहीत. नव्या वड्या मी दिल्या नाहीत. माझ्याच लॅबमधले काही जण म्हणतात, अक्का, याने पुढच्या रोग्यांचं नुकसान होईल, ते काम चांगलं आहे. काम चांगलं आहे हे मलाही कळतं. ते ब्रेक सापडले तर कधीतरी औषधही सापडेल. म्हणूनच माझा संताप जास्त आहे. भामट्यांनी फसवलं असतं तर मी दोन शिव्या देऊन विसरले असते.

गोष्ट इथे संपत नाही. आधारला एक मुलगी आणि एक मुलगा आहे. हिलालची मुलगी शाळेत जाते. त्या घरात तो बिघाड कोणाकोणाकडे उतरला हे तपासता येतं, एका साध्या रक्ताच्या तपासणीत. पण कोणतं जनुक, कोणती जागा, हे माहीत असल्याशिवाय तपासणारा शोधणार कुठे? संस्थेने छापलेल्या लेखात बऱ्याच ब्रेकची नावं आहेत. या घरातला कोणता, ते त्यात नाही, कारण ती जोडी वगळली. मृण्मयी मॅडमना ते माहीत आहे. त्या मला म्हणाल्या, “अक्का, सरांनी परवानगी दिली तर मी आजच सांगते.” परवानगी मिळालेली नाही. प्रकरण समितीपुढे आहे, असं कार्यालय सांगतं. मध्यंतरी आधारच्या मुलीच्या तोंडात साधा उष्णतेचा फोड आला, तर ती पोर आठवडाभर जेवली नाही. दर सकाळी आधार तिला उजेडात उभी करून तोंड उघडायला लावतो. त्याला बोलता येत नाही, म्हणून फक्त हाताने खूण करतो.

तेव्हा सर, हा अंक तुमच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था मी करते आहे. समितीचं उत्तर मला नको. या घरातलं कोणतं जनुक ते त्या तीन मुलांसाठी लिहून द्या. आणि मला एवढंच सांगा: निम्म्या खुणा जुळल्या, हा जिवंत भाऊ आहे हे कळलं, त्याच्या रक्तात काय आहे हेही कळलं, तेव्हा त्या खोलीत बसून ‘वगळा’ असं कोण म्हणालं? तुम्ही म्हणाला असाल तर तुम्ही, दुसरं कोणी असेल तर त्याला सोबत घेऊन, शिरपूरला या. मी आधारच्या दारात तुमची वाट बघते. त्याला विचारता येणार नाही, म्हणून प्रश्न मी विचारीन. उत्तर मात्र तुम्ही त्याच्याकडे बघून द्यायचं.